हजरतगंजच्या टेबलावरील खेळ

लखनौमध्ये सायंकाळी हजरतगंजच्या रस्त्यावरून काही खरेदी न करता फेरफटका मारण्याला ‘गंजिंग’ असा खास शब्द रूढ आहे. या फेरफटक्याचा शेवट पिढ्यान्‌पिढ्या जेथे होत आला, ते ठिकाण म्हणजे जहांगीराबाद मॅन्शनमधील कॉफीहाऊस. यशपाल, अमृतलाल नागर, भगवतीचरण वर्मा, मजाज यांच्यासारखे साहित्यिक तेथे बसत. राममनोहर लोहियांपासून चंद्रशेखरांपर्यंत राजकीय नेते तेथे वाद घालत. या थोरामोठ्यांची नोंद वेळोवेळी झालेली आहे. परंतु त्याच खोलीत, शेजारच्याच टेबलांवर, खेळाचे शौकीनही बसत आले. कारकून, वकिलांचे मुन्शी, शिक्षक, निवृत्त रेल्वे कर्मचारी, विद्यार्थी अशा या मंडळींची नोंद घ्यावी असे कोणाला वाटले नाही. कुंवर दिग्विजयसिंह ‘बाबू’ यांचे नाव धारण करणारे स्टेडियम तेथून जवळच आहे. मैदानावर जे घडे, त्याचा निवाडा टेबलावर होई.

या गप्पांचे वैशिष्ट्य असे, की त्या खेळापाशी कधीच थांबत नाहीत. हॉकीतील एका चुकलेल्या पासावरून निघालेला विषय फाळणीपर्यंत जातो, फाळणीवरून मुशायऱ्यावर येतो, तेथून गव्हाच्या भावावर घसरतो आणि कॉफीचा दुसरा पेला येईपर्यंत पुन्हा पेनल्टी कॉर्नरवर परततो. शिस्तबद्ध विवेचनाची सवय असलेल्या माणसाला हे निव्वळ भरकटणे वाटते. चळवळीतील अनेक गंभीर कार्यकर्तेही या गप्पांकडे रिकामटेकड्यांचे कालहरण म्हणून पाहतात. हा दृष्टिकोन तपासून पाहिला पाहिजे. कारण सामान्य माणूस जगाविषयी मोकळेपणाने विचार करतो अशा ज्या थोड्या जागा उरल्या आहेत, त्यांपैकी ही एक आहे आणि तिच्यावर आज मोठे आक्रमण चालू आहे.

प्रेमचंदांचा आक्षेप

या गप्पांविरुद्धचा सर्वांत प्रखर आक्षेप लखनौच्याच संदर्भात नोंदला गेलेला आहे. ‘शतरंज के खिलाड़ी’ ही प्रेमचंदांची १९२४ सालची कथा सर्वपरिचित आहे. सत्यजित राय यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपटही काढला. काळ १८५६ चा. ईस्ट इंडिया कंपनी अवधचे राज्य खालसा करण्याच्या तयारीत आहे आणि मिर्झा सज्जाद अली व मीर रोशन अली हे दोन जहागीरदार बुद्धिबळाच्या पटावरून मान वर करायला तयार नाहीत. कंपनीचे सैन्य शेजारून जाते, नवाब कैद होतो, तरी डाव चालूच राहतो. राज्यासाठी ज्यांनी तलवार उपसली नाही, ते अखेर एका डावासाठी परस्परांचा जीव घेतात.

मग आजचे क्रीडाशौकीन हे त्या मिर्झा-मीरांचेच वंशज नव्हेत काय? देशात महागाई व बेकारी असताना षटकार मोजत बसणारा तरुण कोणत्या अर्थाने वेगळा?

या प्रश्नाचे उत्तर कथेतच आहे. प्रेमचंदांचा रोख खेळावर नाही, खेळाभोवती उभारलेल्या भिंतीवर आहे. मिर्झा आणि मीर यांच्यात पटाबाहेरचे एकही वाक्य उरलेले नव्हते. घरात काय चालले आहे, शहरात काय चालले आहे, याचा एकही शब्द त्यांच्या बैठकीत शिरू शकत नव्हता. हजरतगंजच्या टेबलावर नेमके याच्या उलट घडत आले. तेथे खेळाचे निमित्त होई आणि त्या दारातून सगळे जग आत येई. ज्या शहरात हा कथाकार एप्रिल १९३६ मध्ये प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचा अध्यक्ष झाला आणि त्याच महिन्यात अखिल भारतीय किसान सभेची स्थापना झाली, त्या शहराला जग आत घेण्याची ही रीत अपरिचित नव्हती.

एका वर्षाचा धावफलक

उदाहरणादाखल १९५२ हे एकच वर्ष घ्यावे. त्या वर्षी जुलैमध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बाबूंच्या नेतृत्वाखाली भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात हॉलंडचा ६-१ असा पराभव केला. त्यांपैकी पाच गोल बलबीरसिंग यांचे. लखनौचा शौकीन हे वर्ष बाबूंचे म्हणून ओळखतो. मराठी माणसाला तेच ऑलिम्पिक खाशाबा जाधवांचे वाटते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल वर्गणीच्या पैशावर हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन आला. एका टेबलावर लखनौचा हॉकीशौकीन आणि कराडचा कुस्तीशौकीन बसले, तर बोलणे पदकांवर थांबणार नाही. संघाच्या खेळाला सरकारी पाठबळ मिळते आणि खेड्यातील मल्लाला गावासमोर झोळी पसरावी लागते, हे कसे? आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये प्रथमच उतरलेल्या सोव्हिएत संघाने खेळाची व्यवस्था कशी उभी केली होती? असे प्रश्न आपोआप पुढे येतात. त्यासाठी कोणी व्याख्यान द्यावे लागत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोमतीकाठच्या विद्यापीठ मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांचा कसोटी सामना झाला. पाकिस्तानची ही दुसरीच कसोटी. मॅटिंगच्या खेळपट्टीवर फजल महमूदने सामन्यात १२ बळी घेतले, नझर महंमद १२४ धावांवर नाबाद राहिला आणि भारताचा एक डाव व ४३ धावांनी पराभव झाला. कसोटी क्रिकेटमधील पाकिस्तानचा हा पहिला विजय लखनौच्या मातीत लिहिला गेला. विजयी कर्णधार अब्दुल हफीझ कारदार १९४६ साली भारताच्याच संघातून इंग्लंडमध्ये खेळलेला होता.

हा धावफलक पुढे ठेवून बसलेल्या शौकिनांना फाळणी टाळता येणे शक्यच नाही. फजलची निवड १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारताच्या संघात झाली होती. ऑगस्ट १९४७ मध्ये तो सराव शिबिरासाठी पुण्याला आला होता. परतीच्या रेल्वे प्रवासात काही माथेफिरू त्याच्या अंगावर आले असता कर्नल सी. के. नायडू बॅट हाती घेऊन मध्ये उभे राहिले, ही आठवण फजलनेच पुढे सांगितली. पाच वर्षांनी त्याच गोलंदाजाने लखनौमध्ये भारताला गारद केले. नायडूंनी त्या दिवशी एक शत्रू वाचवला की एक खेळाडू? या एका प्रश्नावर जी चर्चा रंगते, ती जमातवादाविरुद्धच्या दहा पत्रकांपेक्षा अधिक खोल जाऊ शकते. कारण तिच्यातील माणसे शौकिनांच्या प्रेमाची आहेत.

‘खेळात राजकारण नको’

अशा वेळी हटकून एक आवाज उठतो : खेळात राजकारण आणू नका. हा आवाज वरवर निरागस वाटतो. परंतु खेळात राजकारण आणले कोणी, हे इतिहासात पाहावे. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी व युरोपियन असे धर्मवार आणि वंशवार संघ पाडून सामने भरवले गेले, १९३७ पासून त्यांत ‘इतर’ हा पाचवा संघ आला आणि ही स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. फाळणीपूर्वी प्रेक्षकांना धर्मवार विभागून बसण्याची सवय लावणारी ही व्यवस्था राजकारण नव्हती काय?

जातीचे तर बोलायलाच नको. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या गोलंदाजीवर हिंदू संघ जिंकत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसचे उमेदवार म्हणून डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. या एका खेळाडूची कहाणी नीट सांगायची म्हटली तरी जात, साम्राज्य, राष्ट्रीय चळवळ आणि तिच्यातील अंतर्विरोध हे सगळे सांगावे लागते. राजकारण वगळून ती सांगणाऱ्याच्या हाती केवळ बळींची संख्या उरते.

हॉकीच्या ऱ्हासाची चर्चाही अशीच आहे. क्वालालंपूरला १९७५ साली विश्वचषक जिंकणारा भारत पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये सातव्या स्थानावर घसरला. तेथे ऑलिम्पिक हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली. शौकिनांपैकी एखादा खेळाडूंना दोष देतो, दुसरा निवड समितीला. तिसरा विचारतो, की हे महागडे मैदान बनवते कोण, विकते कोण, आणि झाशी, वाराणसी, गाझीपूरच्या शाळकरी पोराला त्यावर पाय ठेवायला मिळणार केव्हा? १९८० साली मॉस्कोत भारताने सुवर्णपदक मिळवले. त्या संघातील महंमद शाहिद हा वाराणसीचा मुलगा लखनौच्या क्रीडा वसतिगृहात तयार झालेला. त्यानंतरचे ऑलिम्पिक पदक टोकियोत, २०२१ साली आले. मधल्या चाळीस वर्षांचा हिशेब मांडू लागले, की हॉकीची चर्चा सार्वजनिक खर्चाची चर्चा होते.

टेबलाची मर्यादा

या बैठकीचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. टेबलाभोवती बहुतांशी पुरुषच असत. कॉफीची किंमत ज्याला परवडे तोच बसे. फेटा बांधून कॉफी आणणारा वेटर सर्व वाद ऐकत असे, परंतु त्याचे मत क्वचितच विचारले जाई. वास्तविक या वेटरांचा इतिहास टेबलावरच्या अनेक वादांपेक्षा मोठा आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीहाऊसे बंद करण्याचे ठरवले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था उभारल्या आणि १९५७ साली बंगळूर व दिल्लीपासून सुरुवात करून कॉफीहाऊसे स्वतः चालवून दाखवली. स्वस्त कॉफीवर तासन्‌तास बसू देणाऱ्या या जागा देशभर टिकल्या, त्यामागे नोकरी वाचवण्यासाठी लढलेले कामगार आहेत. गप्पांनासुद्धा भौतिक पाया लागतो, हे येथे स्पष्ट दिसते.

ग्राहक, जुगारी आणि सैनिक

आज हा पायाच उखडला जात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये लखनौच्या नावाचा आयपीएल संघ ७,०९० कोटी रुपयांना एका उद्योगसमूहाने विकत घेतला. जून २०२२ मध्ये याच स्पर्धेचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. सामने आता शहराच्या बाहेरच्या अंगाला, भव्य इकाना स्टेडियममध्ये होतात. खेळ पाहण्याचा आनंद तेथे घेऊ नये असे कोणीच म्हणणार नाही. तो आनंद कष्टकऱ्याचाही हक्क आहे. प्रश्न असा, की एवढी रक्कम गुंतवणाऱ्याला शौकिनाकडून काय हवे आहे? त्याला पाहणारे डोळे आणि मोकळा होणारा खिसा हवा आहे; बोलणारे तोंड हवेच असे नाही. दोन षटकांमधील जी उसंत पूर्वी वादासाठी असे, ती जाहिरातीने व्यापली. मोबाइलवर संघ निवडून पैसे लावण्याच्या व्यवसायाने शौकिनाला जुगारी बनवले. या प्रकाराला आळा घालण्यासाठी २०२५ साली संसदेला कायदा करावा लागला, तोपर्यंत कित्येक घरांची धूळधाण झालेली होती.

ग्राहक आणि जुगारी यांच्या जोडीला शौकिनाला तिसरी भूमिका दिली जाते, ती सैनिकाची. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईच्या सामन्यानंतर भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही. पहलगाममध्ये एप्रिलमध्ये झालेल्या निरपराधांच्या हत्येची जखम ताजी होती. या कृतीच्या बाजूने आणि विरुद्धही प्रामाणिकपणे बोलता येते. परंतु दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बोलण्याला जागाच ठेवलेली नव्हती. तेथे केवळ गर्जना होती. कॉफीच्या टेबलावर हाच विषय निघाला असता तर कोणीतरी १९५२ ची आठवण काढली असती, कोणी नायडूंची बॅट पुढे केली असती, कोणी त्याला कडाडून विरोध केला असता आणि उठताना मते बदलली नसली तरी प्रत्येकाला समोरच्याची बाजू ऐकून घ्यावी लागली असती. गर्जना आणि चर्चा यांतील हा फरक लोकशाहीच्या दृष्टीने क्षुल्लक नाही.

म्हणून क्रीडाशौकिनांच्या गप्पांकडे नाक मुरडणाऱ्या कार्यकर्त्याने आपली समजूत सुधारली पाहिजे. तालमीच्या कट्ट्यावर, गिरणगावातील कबड्डीच्या मैदानाशेजारी, नागपूरच्या चहाच्या टपरीवर, इंदूरच्या क्लबात अशी टेबले अद्याप आहेत. तेथे जाऊन प्रवचन देण्याची गरज नाही. प्रवचन सुरू होताच माणसे उठून जातात. खेळ कळला पाहिजे, धावफलक पाठ पाहिजे, समोरच्याचे ऐकण्याचा संयम पाहिजे. बाकीचे काम प्रश्नच करतात. त्याबरोबरच सार्वजनिक मैदाने, वाचनालये, स्वस्त उपाहारगृहे टिकवण्याची मागणी नगरपालिकेपासून विधानसभेपर्यंत लावून धरली पाहिजे; कारण बसायला जागा नसेल तर बोलणेही उरत नाही.

प्रेमचंदांचे दोन खेळाडू गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत जाऊन बसले होते, कारण तेथे त्यांना हाक मारणारे कोणी नव्हते. आज प्रत्येक शौकिनाच्या हातात तसा एकांत देण्यात आला आहे. चमकता पडदा, कानात आवाज, शेजारी कोणी नाही. हजरतगंजचे टेबल हा त्या एकांताला दिलेला जबाब आहे. तेथे खेळ चालू असताना रस्त्यावरून सैन्य गेले, तर निदान एकजण तरी मान वर करून विचारील : हे कोणाचे सैन्य, आणि कोठे चालले आहे?