विश्लेषण : पुसेगावचा बैलबाजार, इनामगावची हाडे आणि पीएचडीची फेलोशिप

पुसेगावच्या सेवागिरी महाराज यात्रेत खिलार बैलाचा सौदा ठरण्याआधी त्याचे दात पाहिले जातात. दुधाचेच दात असतील तर ‘आदत’, दोन पक्के दात आले असतील तर ‘दुसा’, चार आले असतील तर ‘चौसा’. वडूज परिसरातील शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. उत्खननात सापडलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या जबड्यावरून जनावराचे वय काढतानाही अभ्यासक आधी हेच बघतात, कोणते दात आले आणि ते किती झिजले. प्रागैतिहासिक काळातील माणूस आणि जनावरे यांच्या नात्याचा शोध घेणाऱ्या या शाखेत पीएचडी करता येते, त्यासाठी दरमहा फेलोशिपही मिळते. मग अडते कुठे?

हाडांवरून काय कळते?

- तरुण वयात मारलेले नर जास्त असतील तर कळप मांसासाठी पाळला असावा. म्हाताऱ्या गायी जास्त असतील तर दुधाची शक्यता वाढते.
- वर्षानुवर्षे नांगर किंवा गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पायाची हाडे रुंदावतात. त्यावरून शेतीतील वापर ओळखता येतो.
- हाडावरच्या कापल्याच्या खुणांवरून जनावर कसे सोलले, कसे वाटले, हे समजते.
- दातातील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरावरून जनावर कोणत्या भागात चरले, याचा अंदाज येतो.
- भांड्यात मुरलेली चरबी दुधाची की मांसाची, हेही तपासता येते. कच्छमधील कोटडा भडली येथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत दुधाचे अंश आढळल्याचे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

इनामगावात काय सापडले?

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ही वसाहत. शिरविरहित स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत ठेवलेला मातीचा बैल ही येथील गाजलेली वस्तू. जनावर तेव्हा केवळ चुलीपुरते किंवा नांगरापुरते नव्हते, श्रद्धेतही त्याला जागा होती.

इसवी सनपूर्व १००० नंतर चित्र बदलले. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, शेती खालावली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांवर अधिक अवलंबून राहून अर्धभटके झाले, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. धवळीकर यांनी केली. या कळपांनी खरोखर किती दूरवर भटकंती केली, याची पडताळणी आता दातांच्या रासायनिक चाचणीतून करता येते.

खटाव-माणशी याचा संबंध काय?

पाऊस हुकला की शेतीपेक्षा कळपावर भिस्त ठेवायची, ही गोष्ट खटाव-माणच्या माणसाला सांगावी लागत नाही. चाऱ्यासाठी मेंढपाळ कोणत्या वाटेने जातात, कधी परततात, कोणते जनावर विकतात आणि कोणते राखतात, हे ठाऊक असेल तर जुन्या हाडांचा अर्थ लावणे सोपे जाते. शिवाय मेंढी आणि शेळीची हाडे इतकी सारखी असतात की वय आणि जात माहीत असलेल्या आजच्या जनावरांचे सांगाडे तुलनेसाठी लागतातच. म्हणून वाड्यावर वाढलेला मुलगा किंवा मुलगी या विषयात शून्यापासून सुरुवात करत नाही.

फेलोशिप किती, कोणाला?

पुरातत्त्व हा यूजीसी-नेट परीक्षेचा स्वतंत्र विषय आहे. जेआरएफ मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढील तीन वर्षांपर्यंत दरमहा ४२,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३० वर्षे असून महिला व राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे.

राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, तर ओबीसी, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी महाज्योती संशोधन फेलोशिप देते. भटक्या जमाती (क) प्रवर्गातील धनगर विद्यार्थी महाज्योतीच्या कक्षेत येतात.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण चाचण्यांच्या खर्चाची. मासिक रकमेतून विद्यार्थी पुण्यात राहू शकतो, पण हाडे तपासायला वेगळा पैसा लागतो. यूजीसीच्या नियमानुसार मानव्यविद्या विषयांना आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० रुपये आणि नंतर २०,५०० रुपये मिळतात. एका कार्बन-१४ चाचणीलाच हजारो रुपये लागतात, आणि एका नमुन्यावर प्रबंध उभा राहत नाही. विषय कागदोपत्री मानव्यविद्येचा, काम मात्र प्रयोगशाळेचे, अशी ही कोंडी आहे.

दुसरी अडचण वेळेची. राज्यातील संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी वारंवार आंदोलन करावे लागले आहे. घरून पैसे येण्याची सोय असलेला विद्यार्थी रखडलेले हप्ते सोसतो. ज्याच्या घरचे उत्पन्न कळपावर आहे, तो संशोधन सोडून नोकरी शोधतो.

काय व्हायला हवे?

पुरातत्त्वातील प्रयोगशाळेच्या कामासाठी विज्ञान विषयांप्रमाणे, किंबहुना त्याहून अधिक, चाचणी निधी वेगळा ठेवायला हवा. राज्याच्या संस्थांनी हप्त्यांची तारीख ठरवून ती पाळायला हवी. आणि मेंढपाळांच्या वाटा, कळपाचे हिशेब, दात पाहण्याची रीत यांची नोंद हा अशा प्रबंधांचा मान्य भाग व्हायला हवा.

इनामगावची हाडे कपाटात आणखी दहा वर्षे थांबतील. ज्याच्या घरात आता ट्रॅक्टर आहे आणि ज्याची मुले पुण्या-मुंबईला गेली आहेत, त्या म्हाताऱ्या मेंढपाळाकडची माहिती तेवढी थांबणार नाही. फेलोशिपचा प्रत्येक रखडलेला हप्ता या दृष्टीनेही मोजायला हवा.