हिशेब घरचा : उबेची कळ कोणाच्या हाती?



तासगावात घर गरम ठेवण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पौषातल्या थंडीची चिंता द्राक्षबागायतदाराला. घरातल्या माणसाला शाल पुरते. परंतु आपल्या समाजातील अनेक घरांतली मुले-मुली आज इंग्लंड-जर्मनीत स्थायिक आहेत आणि आईवडील हिवाळ्याचे तीन-चार महिने त्यांच्याकडे काढतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता लेस्टरला मुलीकडे होतो. तेथे जे घडले ते या सदरात मांडावेसे वाटते, कारण पैसा त्यात आहेच, पण प्रश्न केवळ पैशाचा नाही.

त्या घरांत बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीत खेळवतात. भिंतीलगत पोलादी पत्र्याचा पोकळ, चपटा फलक असतो, तो रेडिएटर. त्याच्या कडेला असलेली झडप पाणी किती आत जावे ते ठरवते. जावईबापूंनी नऊपैकी चार रेडिएटरांवर फोनवरून चालणाऱ्या ‘स्मार्ट’ झडपा बसवल्या होत्या आणि उरलेल्या पाचांसाठीही तशाच घेण्याचा विचार चालू होता. वेळापत्रक त्यांच्या सोयीचे होते. दोघेही नोकरीला जाणारे, म्हणून सकाळी साडेसहा ते साडेआठ ऊब, मग थेट संध्याकाळी पाचनंतर.

आम्ही उठतो पहाटे पाचला. सौभाग्यवतींचे सामायिक त्याच वेळी असते. आमच्या खोलीत तेव्हा १५ अंश तापमान असे. त्या दोन स्वेटर घालून, वर शाल गुंडाळून बसत आणि कोणास काही बोलत नसत. लेकीच्या घरी जाऊन तक्रार कशी करायची? अकराव्या दिवशी खोकला बळावला तेव्हा माझे लक्ष गेले. मी झडपेची मूठ फिरवून पाहिली. ती काही ऐकेना. नंतर कळले की दोन वर्षांच्या नातवाने चाळा करू नये म्हणून फोनवरून तिला कुलूप घातले होते. नातवासाठी घातलेले कुलूप आजीलाही लागू झाले होते!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात थंड प्रदेशातील घरांसाठी हिवाळ्यात किमान १८ अंश तापमान सुरक्षित मानले आहे. वृद्ध आणि बालके यांना त्याहून अधिक लागू शकते असेही म्हटले आहे. हे मी मुलीला वाचून दाखवले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. दोष तिचा नव्हता. घर दिवसा रिकामे असते असे गृहीत धरून सारे आखले होते, आणि आता ते रिकामे नव्हते.

रविवारी आम्ही सर्व जण कागद-पेन घेऊन बसलो.

साधी झडप कशी चालते ते प्रथम पाहू. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये हिची कल्पना प्रत्यक्षात आणली. मुठीच्या आत मेण, द्रव किंवा वायू भरलेली कुपी असते. खोली तापली की कुपीतील पदार्थ फुगतो, सळई दाबली जाते, पाणी अडते. खोली निवली की उलट घडते. वीज नको, बॅटरी नको. मुठीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे सुमारे २० अंश. स्मार्ट झडपेत कुपीच्या जागी बॅटरीवर चालणारी छोटी मोटर असते, आणि वेळ व तापमान फोनवरून ठरवता येते.

येथे मला बँकेतले दिवस आठवले. बेदाण्यावर तारण कर्ज देताना तासगावच्या शीतगृहांची तपासणी करावी लागे. दाराजवळचा तापमापक एक आकडा दाखवी आणि मागच्या थप्पीत हात घातला की निराळाच अनुभव येई. मापक जिथे टांगला आहे तिथलेच तापमान तो सांगतो. स्मार्ट झडपेचा मापक तर रेडिएटरला चिकटूनच असतो. त्यामुळे त्याला खोली तापली असे वाटते, आणि खिडकीपाशी पाटावर बसलेले माणूस गारठलेलेच असते. काही झडपांत हा फरक भरून काढण्याची सोय असते किंवा वेगळा मापक जोडता येतो. घेण्यापूर्वी ते विचारून घ्यावे.

आता हिशेब. चांगली स्मार्ट झडप ६० पौंडांना धरली तर पाचांचे ३०० पौंड झाले. साध्या झडपा १५ पौंडांप्रमाणे ७५. ही जादा २२५ पौंडांची गुंतवणूक कोणत्या खोल्यांतून वसूल होणार? जी खोली ठरावीक वेळी वापरात असते आणि एरवी थंड राहिली तरी चालते, तिथे स्मार्ट झडप बचत करते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिन्याखालचा बोळ येथे मूठ एकदा दोनवर ठेवली की काम संपले. परतफेडीचा असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता. जावईबापू हसले, पण त्यांनी आकडे तपासून पाहिले आणि मान्य केले.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गूगलने आपल्या ‘नेस्ट’ या भिंतीवरील थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा पाठिंबा २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केला. ती यंत्रे हाताने चालत राहिली, फोनवरून मात्र चालेनाशी झाली. उपकरण आपण विकत घेतो, पण त्याचा मेंदू दूर कुठेतरी कंपनीकडे असतो. म्हणून फोन, इंटरनेट दोन्ही बंद असतानाही जी हाताने फिरते, अशीच झडप घ्यावी.

जुनी झडप बदलताना आट्यांचे माप पाहणे विसरू नये. युरोपात ३० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर आटे हे माप सर्रास चालते. इतर मापांना वेगळा जोड लागतो. आणि ज्या खोलीत भिंतीवरील मुख्य थर्मोस्टॅट आहे, तिथला रेडिएटर पूर्ण उघडा ठेवावा, नाहीतर दोघे एकमेकांच्या कामात आडवे येतात.

शेवटी ठरले ते असे. आमच्या खोलीतील स्मार्ट झडप काढून अभ्यासिकेत बसवली आणि तिच्या जागी साधी मूठ आली. त्यामुळे नव्या पाच झडपांची गरजच उरली नाही. पण बॉयलर बंद असेल तर साधी मूठ कितीही फिरवून उपयोग नाही, हे मला जावयांनी शिकवले. म्हणून मुख्य थर्मोस्टॅट पहाटे साडेचारला सुरू होईल असा लावला, आणि बाकीच्या खोल्यांतील स्मार्ट झडपा साडेसहापर्यंत मिटलेल्या ठेवल्या. तिथे त्यांचा खरा उपयोग झाला.

सौभाग्यवतींनी मूठ तीनवर फिरवली, रेडिएटरला हात लावून पाहिला आणि विचारले, “हे मला कधीही फिरवता येईल ना?” मुलगी म्हणाली, “हो आई, कुणाला विचारायचं नाही.” खोकला आठवड्याभरात गेला.

फेब्रुवारीअखेर निघताना मुलीने ती मूठ तारकाचिन्हावर आणली. तेवढ्यावर नळीतले पाणी गोठत नाही आणि रिकाम्या खोलीत गॅसही फारसा जळत नाही. उन्हाळ्यात मात्र मूठ पूर्ण उघडी ठेवावी, म्हणजे आतली सळई अडकत नाही. हे सांगायचे राहून गेले होते. परवा फोनवर सांगितले.