मराठी 'छान' बोलणारे आम्ही

"अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!" हे कौतुक आम्ही जन्मभर ऐकत आलो. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मान्य. पण पिढ्यान्‌पिढ्या शेतात आणि तालुक्याच्या कचेरीत मराठीच बोलणाऱ्याला पाहुणा ठरवले, की ते बोचतेच. बोचले म्हणालो, तर आम्ही 'हळवे'! श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १७व्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. त्यांना असे प्रमाणपत्र कोणी दिले होते?

घरचेही कमी नाहीत. "उर्दू सोडून मराठीत का लिहिता?" असे विचारणाऱ्यांपैकी कितीजण घरी दखनी नाहीतर कोकणीच बोलतात, ते त्यांनीच सांगावे.

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती. तेवढ्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला! १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे सांगून पाटीवरची उर्दू राहू दिली. आम्हाला आनंद झाला. एवढ्यासाठी दिल्ली गाठावी लागली याची लाजही वाटली. वकील, अर्ज, फिर्याद, तारीख हे फारसी-अरबी वाटेने आलेले शब्द घेऊनच मराठी माणूस कोर्टाची पायरी चढतो ना? तरी उर्दूची बाजू घेतली की आम्ही मराठीचे वैरी, आणि मराठीत लिहिले की कौमशी बेइमान. मग आम्ही बोलायचे तरी कोणत्या भाषेत?