१८९५ साली खरोखर काय घडले?

१/ दर काही महिन्यांनी तीच पोस्ट नव्याने फिरते : १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, तेही राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी. इतिहासाच्या अभ्यासकाने अभिमान बाळगण्यापूर्वी पुरावा मागावा.

२/ ‘केसरी’चा हवाला देणाऱ्याला अंकाची तारीख आणि पान विचारा. ‘इंग्रजांनी पुरावे दडपले’ असे उत्तर आले, तर दडपल्याचा पुरावा विचारा. तळपदे जिज्ञासू होते, यात वाद नाही. पण जिज्ञासा म्हणजे उड्डाण नव्हे.

३/ या कथेला जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’ची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या पाचांतील एस. एम. देशपांडे पुढे प्रवाहांच्या संगणकीय गणितात नावाजले गेले. तळपदे आपल्याला तोंडपाठ आहेत. देशपांडे कितीजणांना ठाऊक आहेत?

४/ आता १८९५ची खरी घटना. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध झाला. खळबळत्या प्रवाहाचा वेग त्यांनी दोन भागांत फोडला : सरासरी आणि तिच्याभोवतीचे चढउतार. टर्ब्युलन्सची बहुतेक व्यावहारिक प्रारूपे आजही याच फोडीवर उभी आहेत.

५/ धायरीहून सिंहगडावर जाणाऱ्यांनी कड्याशी वाऱ्याचा घोंघाट ऐकलेला असतो. तेथे यंत्र नाही, पंखा नाही. खळबळणारी हवाच आवाज निर्माण करते. जेट इंजिनाच्या झोताचेही तसेच. १९५२ साली, मँचेस्टरमध्येच, जेम्स लाइटहिल यांनी त्याचे गणित मांडले : झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती २५६ पट! प्रवासी विमानांची इंजिने रुंद झाली आणि झोत संथ झाला, तेव्हा आवाज उतरला तो याच नियमाने.

६/ तरीही कोडे पुरते सुटलेले नाही. सरासरी काढली की चढउतार पुसले जातात, आणि आवाज जन्मतो तो नेमका चढउतारांतून. म्हणून भोवऱ्यांचा आकार आणि आयुष्य प्रारूपातून अंदाजावे लागते, किंवा मोठे भोवरे प्रत्यक्ष गणून केवळ लहानांसाठी प्रारूप वापरावे लागते. प्रवाहाच्या ऊर्जेतला अत्यल्प अंश ध्वनी होतो. त्यामुळे लहानशी चूकही उत्तर बिघडवते.

७/ दंतकथेने होणारे नुकसान हे आहे. ‘आमच्याकडे सारे होतेच’ असे मानणाऱ्या मुलाला हे अपुरे गणित हाती घेण्याचे कारणच उरत नाही. रेनॉल्ड्स आणि लाइटहिल यांनी आपली समीकरणे छापली, इतरांनी ती तपासली, सुधारली, वापरली. चौपाटीच्या उड्डाणाचे असे काहीच तपासता येत नाही. ती पोस्ट पुन्हा आली की पुढे पाठवू नका. खाली विचारा : तारीख कोणती, पान कोणते?