छायाचित्रकार कोणास म्हणावे?

पवना नदीच्या काठचे पुनावळे हे एके काळी शेतकऱ्यांचे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड शहराचा एक भाग झाले असून, जेथे पिके डोलत असत तेथे उंच उंच इमारती उभ्या आहेत. सायंकाळी अशा एखाद्या इमारतीच्या गच्चीवर गेले, तर मावळत्या सूर्याकडे रोखलेले मोबाइल सहज दृष्टीस पडतात. खाली शाळेच्या फाटकाशी, मंगल कार्यालयात, देवळाच्या पायरीवर, जिकडे तिकडे छायाचित्रे निघत असतात. मग या सर्वांस छायाचित्रकार म्हणावयाचे काय?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ज्याच्यापाशी यंत्र आहे तो छायाचित्रकार असे म्हणावे, तर ज्याच्या घरी तंबोरा आहे तो गवई ठरेल. या विद्येवर जो पोट भरतो तो छायाचित्रकार असे म्हणावे, तर तेही टिकत नाही. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची आवड असलेल्या लोकांची एक संस्था स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. तेही शिक्षणाने डॉक्टरच होते. तथापि आपल्या देशातील आरंभीच्या छायाचित्रकारांत आज त्यांचे नाव घेतले जाते.

आपल्या भाषेने या बाबतीत एक खूण दाखवून ठेवली आहे. आपण ‘फोटो काढणारा’ असे म्हणतो आणि ‘छायाचित्रकार’ असेही म्हणतो. वरवर पाहता दोहोंचा अर्थ एकच. परंतु ग्रंथकार, शिल्पकार, मूर्तिकार या शब्दांच्या अंती जो ‘कार’ आहे, तो करणाऱ्याचे नाव त्याच्या कृतीशी बांधून टाकतो. ग्रंथात खोटे काही आढळले, तर लोक ग्रंथकारास जाब विचारतात. त्याच्या लेखणीस कोणी विचारीत नाही. छायाचित्राविषयी असा जाब विचारण्याचा अधिकार ते पाहणाऱ्यास असतो, आणि ज्याची छबी त्यात आली आहे त्यासही असतो. या दोघांना उत्तर देण्यास जो सिद्ध असेल, त्यानेच स्वतःस छायाचित्रकार म्हणवून घ्यावे, असे माझे मत आहे.

या दृष्टीने होमाई व्यारावाला यांचे चरित्र मोठे उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १९१३ साली गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले, आणि माणेकशा व्यारावाला यांच्याकडून त्या छायाचित्रण शिकल्या. पुढे त्यांच्याशीच होमाईंचा विवाह झाला. त्या काळी एक तरुण स्त्री हाती कॅमेरा घेऊन वृत्तपत्रासाठी काम करते, ही गोष्ट लोकांच्या पचनी पडण्यासारखी नव्हती. त्यामुळे त्यांची आरंभीची चित्रे माणेकशांच्या नावाने छापली गेली. काम एकीचे, नाव दुसऱ्याचे! ज्या ‘कार’ शब्दाविषयी आपण वर बोललो, तोच त्यांना नाकारला गेला होता. तरीही त्यांनी काम सोडले नाही.

१९४२ साली हे दांपत्य दिल्लीस गेले. साडी नेसलेल्या, सायकलीवरून हिंडणाऱ्या होमाई राजधानीत लवकरच सर्वांच्या परिचयाच्या झाल्या. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर राष्ट्रध्वज फडकला, त्या प्रसंगाची चित्रे त्यांनी घेतली. महात्मा गांधी, जवाहरलाल नेहरू आणि लालबहादूर शास्त्री यांच्या अंत्ययात्राही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपल्या. तो कॅमेरा आजच्यासारखा खिशात मावणारा नव्हता. दर चित्रास फिल्मचा नवा ताव लागे, आणि फ्लॅशचा दिवा एकदा पेटला की निकामी होई. कळ दाबण्यापूर्वी विचार करणे भागच असे. आज एका क्षणात वीस चित्रे निघतात, आणि विचार मात्र मागाहून होतो. पुष्कळदा तर होतच नाही. ही गोष्ट यंत्राचा दोष म्हणून मी सांगत नाही. मोबाइलने काढलेले चित्रही उत्तम असू शकते. यंत्राने जी सक्ती पूर्वी केली, ती आता आपली आपणच स्वतःवर करावी लागते, एवढाच फरक.

ही सक्ती केली नाही तर काय होते, ते पाहा. समजा, पावसाळ्यात पवनेचे पाणी चढू लागले आणि कोणी तरी चार वर्षांपूर्वीच्या पुराचे चित्र ‘आत्ताचे’ म्हणून पाठविले. पाहता पाहता ते शेकडो घरी पोहोचेल. म्हातारी माणसे घाबरतील, कोणी कामावरून धावत घरी येईल. चित्र खोटे नाही, पूर खरोखरच आला होता. परंतु त्याबरोबर सांगितलेली वेळ खोटी आहे. शिवाय आता संगणकास नुसते शब्द सांगितले तरी कधीही न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र तो तयार करून देतो. अशा काळात ‘हे चित्र मी, या जागी, या दिवशी घेतले’ असे सांगणाऱ्या माणसाचे मोल वाढले आहे. वर्तमानपत्रातील चित्राखाली बारीक अक्षरात जे नाव छापतात, ते नुसत्या मानासाठी नसते. चुकले तर कोणाला धरावे, हेही त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. मुंबई-बंगळूर महामार्ग पुनावळ्याला लागूनच जातो. अशा रस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमते, आणि त्या गर्दीत मदतीच्या हातांबरोबर मोबाइल धरलेले हातही वर येतात. मग वृत्तपत्राचा छायाचित्रकार असे चित्र घेत नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो घेतो, कारण लोकांना ते कळणे कधी कधी आवश्यक असते. परंतु जखमी माणसाचा चेहरा दाखवावा की नाही, त्याच्या आईने ते चित्र पाहिले तर काय, याचा विचार त्याला करावा लागतो. तो विचार जो करीत नाही, त्याच्याजवळ कितीही महागडे यंत्र असले तरी तो केवळ बघ्या होय.

मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे हे वृत्तपत्रांतून काम केलेले छायाचित्रकार. मुंबई महानगरपालिकेचे सफाई कामगार ज्या घाणीत उतरून शहर स्वच्छ ठेवतात, ती त्यांनी आपल्या चित्रांतून लोकांसमोर मांडली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माणसाचे कष्ट आणि त्याचा मान ही दोन्ही एकाच चित्रात आणणे किती अवघड आहे, हे ती चित्रे पाहिली म्हणजे ध्यानात येते. पुनावळ्याच्या नव्या इमारती बांधणारे मजूर दूरदूरच्या प्रांतांतून आलेले असतात. वाळूच्या ढिगावर खेळणाऱ्या त्यांच्या मुलाचे चित्र तुम्हांस घ्यावेसे वाटले, तर आधी त्याच्या आईस विचारा. ती ‘नको’ म्हणाली तर मोबाइल खिशात घाला. ‘घ्या’ म्हणाली तर चित्राची एक छापील प्रत तिला आठवणीने नेऊन द्या. कामगारांचा मुक्काम हलतो, इमारत येथेच राहते. ते चित्र मात्र त्यांच्या पेटीतून गावोगाव जाईल.

होमाईंच्या पिढीतील छायाचित्रकार पोशाखाचे व वागण्याचे काही अलिखित नियम पाळीत. पुढे धक्काबुक्की करणारे, कोणाचाही मुलाहिजा न ठेवणारे लोक या व्यवसायात आले. ते पाहून १९७० साली होमाईंनी आपला कॅमेरा कायमचा बाजूस ठेवला. त्या वेळी त्या सत्तावन्न वर्षांच्या आतबाहेर होत्या, आणि त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली होती. त्यांनी असे करावयास नको होते, चांगल्या माणसांनी जागा सोडली की ती वाईटांच्या हाती जाते, असे कोणी म्हणेल. मलाही तसे थोडे वाटते. परंतु आपल्या कामाविषयी ज्यांच्या मनात इतका आदर होता, त्यांचा तो निर्णय समजण्यासारखा आहे. पुढे त्या वडोदऱ्यास राहिल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. एके काळी ज्यांची चित्रे पतीच्या नावाने छापली गेली, त्या होमाई व्यारावाला यांस आज भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखतात.