अंतुलेसाहेबांनंतर कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे

रायगडमधल्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. कोणीतरी बुजुर्ग उसासा टाकून विचारतोच, "अंतुलेसाहेबांनंतर आपला कोण?" सावित्रीकाठच्या आंबेत गावचा माणूस १९८० साली महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. जेमतेम दीड वर्षाच्या कारकिर्दीत संजय गांधी निराधार योजना आणली, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव दिलं. अभिमान वाटावा असंच ते आहे. २०१४ साली ते गेले आणि तेव्हापासून आपण त्याच मापाचा दुसरा माणूस शोधत बसलो आहोत.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'बस फॅक्टर' नावाचा एक चेष्टेचा शब्द आहे. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडते. आपल्या बहुतेक गावांत तो एकच आहे. तलाठ्याकडे जायचं, पोलीस ठाण्यात बोलायचं, दवाखान्यात कोणाला दाखल करायचं, सगळ्याला तोच एक चाचा. चाचा हजला गेला की गाव दीड महिना थांबतं.

आपटा हे माझं गाव, म्हणून आपट्याबद्दलच बोलतो. बाहेरच्यांना ते पाताळगंगेकाठचं एक स्टेशन म्हणून माहीत असतं, तेही 'दिलवाले दुल्हनिया'च्या शेवटच्या ट्रेनच्या सीनमुळे. (पाहुणे अजून फलाटावर हात पुढे करून फोटो काढतात.) पण गावाच्या एका बाजूला रसायनी-पाताळगंगेची एमआयडीसी आहे, दुसरीकडे गोवा हायवे, आणि तालुक्याच्या पश्चिम टोकाला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. २०१३ पासून पनवेल परिसरातल्या कितीतरी गावांवर सिडकोच्या 'नैना'चा नकाशा पसरला आहे. नगररचना योजनेत शेतकऱ्याची जमीन एकत्र घेऊन ४० टक्के विकसित भूखंड परत द्यायचा, असा तो हिशेब. हे चांगलं की वाईट यावर गावागावांत आंदोलनं झाली आहेत. माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत सरकारी मराठीतली सूचना वाचून, सर्व्हे नंबर ताडून, बाजूच्या चार घरांना समजावून सांगणारी तुमच्या गावात किती माणसं आहेत? नसतील तर ते काम जमिनीचा दलाल करतो. तो उत्तम समजावतो, फक्त स्वतःच्या बाजूने. उद्या गावाचा पुढारी कोण होणार, हेही तिथेच ठरून जातं.

आणि पुढारी घडवण्याचा एक धडा आपल्या अगदी शेजारी आहे. आपटा फाट्यावरून हायवेला लागलं की थोड्याच अंतरावर तारा गाव येतं. तिथे युसूफ मेहेरअली सेंटर आहे. दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण, कुंभारकाम असं बरंच काही तिथे चालतं. आपल्यातले अनेकजण तिथलं तेल घेतात, पण हे मेहेरअली कोण, असं विचारलं तर कोणी म्हणतं कुठले तरी पीर असतील.

१९०३ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस. १९२८ साली सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरलं तेव्हा 'सायमन गो बॅक' ही घोषणा त्याने दिली. बंदरावर जायला बंदी, म्हणून तो आणि त्याचे साथीदार हमालांच्या वेशात आत शिरले. त्याच साली त्याने बॉम्बे यूथ लीग उभी केली. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांत तो होता. १९४२ साली तुरुंगात असतानाच त्याचं नाव मुंबईच्या महापौरपदासाठी पुढे आलं, आणि तो निवडून आला. 'क्विट इंडिया' हे शब्दही त्यानेच गांधीजींना सुचवले असं मानलं जातं. १९५० साली, सत्तेचाळीसही पुरे न होता तो गेला.

मला यातली घोषणांची बाजू तितकी महत्त्वाची वाटत नाही, ती क्विझमध्ये विचारायला ठीक आहे. पंचविशीत या माणसाने आधी तरुणांची संघटना बांधली आणि महापौरपद त्यानंतर चौदा वर्षांनी आलं, हा क्रम महत्त्वाचा. दुसरं असं की तो मुंबईचा महापौर होता, मुंबईतल्या मुसलमानांचा नव्हे. आज आपल्या पोरांना बैठकीत बोलावलं जातं ते कब्रस्तानच्या भिंतीसाठी, ईदगाहच्या रस्त्यासाठी आणि रमजानमध्ये इफ्तारच्या फोटोसाठी. पाणीपुरवठ्याच्या टाकीबद्दल आपलं मत कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही ते द्यायला जात नाही.

मेहेरअलींच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९६१ साली, त्यांच्या मित्रांनी हे सेंटर सुरू केलं. डॉ. जी. जी. परीख नावाचा गुजराती डॉक्टर मुंबईतला दवाखाना सांभाळून ताऱ्याला येत राहिला आणि वयाची शंभरी गाठेपर्यंत त्या कामाशी बांधलेला राहिला. एका मुसलमान नेत्याचं नाव आमच्या तालुक्यात साठेक वर्षं कोणी जपलं, तर या माणसाने. घोषणा दिलेला माणूस लवकर गेला, पण काम थांबलं नाही, कारण त्याने जोडलेली माणसं मागे होती.

हल्ली 'लीडरशिप' शिबिरांचं पेव फुटलं आहे. वाशीच्या एखाद्या हॉटेलात दोन दिवस, प्रोजेक्टर, बिर्याणी, शेवटी सर्टिफिकेट आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्यावर तिसऱ्या आठवड्यापासून फक्त जुम्मा मुबारकचे फोटो येतात. अशा तीन ग्रुपमध्ये मी अजूनही आहे. भाषण करायला शिकवणं वाईट नाही, पण पुढारी घडतो तो जबाबदारी अंगावर पडल्यावर. आपल्याला नेटवर्क हवं असेल तर ते जबाबदाऱ्या वाटणारं हवं.

आणि त्या जबाबदाऱ्या कायद्याने आधीच बनवून ठेवल्या आहेत. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो पुरतो. ती भरली नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीचीही गरज नसते; म्हणजे दहा-बारा माणसं अख्ख्या गावाचा आराखडा मंजूर करून टाकतात. उर्दू शाळेचं बोला. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या जागी महिला. आपल्या किती शाळांत ही समिती सहीपुरती आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

ग्रामपंचायतीतही निम्म्या जागा महिलांच्या. तिथे आपल्या भगिनी निवडून येतात आणि बैठकीत त्यांच्या खुर्चीमागे शौहर किंवा दीर उभा असतो. यावर विनोद करून आपण मोकळे होतो. पण बारावी झालेली, मोबाईलवर सगळ्या घराचे फॉर्म भरणारी मुलगी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. तिला पंचायतीचं अंदाजपत्रक वाचायला तीन संध्याकाळी पुरतात. मागे उभं राहायला कोणी लागत नाही, बाजूला बसायला अजून एक बाई लागते. नेटवर्कने ती दुसरी बाई शोधून द्यावी. शेजारच्या गावची असली तरी चालेल, हिंदू किंवा आदिवासी असली तर अधिकच चांगलं, कारण पाणी सगळ्यांना एकाच टाकीतून येतं.

धंद्याचंही तसंच. एमआयडीसीच्या गेटबाहेर फॅब्रिकेशन, गॅरेज, टेम्पो, भंगार या कामांत आपली हुशार पोरं आहेत. मात्र कंपनीच्या थेट व्हेंडर यादीत त्यांचं नाव नाही, कारण उद्यम नोंदणी नाही, जीएसटी नाही, कोटेशन कसं द्यायचं ठाऊक नाही. मग मधला ठेकेदार मलई खातो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या अल्पसंख्याक उमेदवाराला ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे आणि स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के. ही माहिती मोबाईलवर एका मिनिटात सापडते. सापडत नाही तो प्रकल्प अहवाल लिहायला बसवणारा, बँकेत सोबत येणारा, आणि पहिली ऑर्डर देणारा माणूस. ज्याला व्हेंडर कोड मिळाला आहे त्याने वर्षाला एका नवख्याला सोबत नेऊन कंपनीच्या परचेस खात्यात ओळख करून द्यावी. स्पर्धक तयार होईल ही भीती रास्त आहे. पण एकट्याने शंभर टनाची ऑर्डर नाकारण्यापेक्षा दोघांनी मिळून घेतलेली बरी.

वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही म्हणाल. मीही पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्यांतला आहे, दिवा-रोहा गाडीचा भरवसा किती ते मला सांगू नका. म्हणून एकावर सगळं टाकायचं नाही. आमच्या कंपनीत रात्रीच्या बिघाडाची जबाबदारी आठवड्याआठवड्याने फिरते. ज्याची पाळी, त्याने फोन उचलायचा आणि काय केलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तलाठी ऑफिसची पाळी तशी लावायला काय हरकत आहे? चाचांनाही सुटका हवीच आहे, विचारून बघा. त्यांच्या डोक्यातले सगळे फेरफार आणि सगळे साहेब कोणीतरी वहीत उतरवून घ्यायला हवेत.

आपट्यात आम्ही काहीजण येत्या ग्रामसभेपासून एवढंच करणार आहोत. सभेची नोटीस लागली की ती सोप्या मराठीत आणि उर्दूत लिहून मशिदीच्या, समाजमंदिराच्या आणि स्टेशनच्या फलकावर लावायची. सभेला पाचजण जातील, त्यांत दोन मुली. पुढच्या सभेला वेगळे पाच. ठराव काय झाले, ते त्याच फलकांवर. निमंत्रक सहा महिन्यांनी बदलेल, आणि पहिला निमंत्रक मी नाही.