पावकी-दीडकीचे पुस्तक कोण लिहील?



काही गोष्टी इतक्या रोजच्या असतात की त्यांच्यामागील कल्पकता नजरेसच येत नाही. पेढीवरील ‘सव्वा’ हा शब्दच पाहा. सव्वाशे म्हणजे १२५, सव्वा हजार म्हणजे १,२५०, सव्वा लाख म्हणजे १,२५,०००. शब्द एकच, पुढील एकक बदलले की त्याचे मोल बदलते. ‘साडेएक’ वा ‘साडेदोन’ आपण म्हणत नाही. नित्य लागणाऱ्या या मापांना ‘दीड’ व ‘अडीच’ ही स्वतंत्र नावेच आहेत.

याच शब्दांवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे उभे राहिले. औट म्हणजे साडेतीन. दीड रुपया दराने सोळा वार कापड घेतले, तर दीडकी पाठ असलेला मुलगा कागदाविना चोवीस रुपये सांगे. रुपयाचे सोळा आणे असल्याने पाव, अर्धा व पाऊण रुपया चार, आठ व बारा आण्यांत नेमका बसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे कॅल्क्युलेटर आला आणि हे पाढे मागे पडले.

या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक व्हावे, असे मनापासून वाटते. त्याची पहिली सामग्री आपल्याच घरी आहे. आजोबांना एकदा औटकी म्हणायला सांगा व ती जशीच्या तशी उतरवून घ्या. सव्वा आणि दीड बोलण्यात टिकतील; पाढ्यांची चाल मात्र म्हणणाऱ्याबरोबरच जाईल.